विशेष शिक्षण शिकायचंय, ख्रिस्ती दृष्टीने. सुरुवात कुठून करू? (ठाणे / नवी मुंबई)

रूथ_कळवा

सलाम मंडळी. माझा पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कळव्याला राहते. वय २६, बी.ए. झालंय. चार वर्षं डेटा एंट्रीची नोकरी करतेय आणि दर रविवारी ठाण्यातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शब्बाथशाळेचा लहान वर्ग घेते. दीड वर्षापूर्वी वर्गात नऊ वर्षांचा एक मुलगा आला. ऑटिझम आहे, बोलत नाही. पहिले तीन रविवार तो आत आलाच नाही. दाराबाहेर बसून सगळ्यांच्या चपला लावत होता. नुसत्या जोड्या नव्हे, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने, टाचा भिंतीकडे. चौथ्या रविवारी मी गोष्ट सांगायचं सोडलं आणि त्याच्या शेजारी बसून चपला लावायला घेतल्या. एक मी चुकून उलटी ठेवली. त्याने ती उचलून माझ्या हातात दिली आणि थांबून राहिला. मी ती सरळ ठेवल्यावर त्याने पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

तेव्हापासून हे काम नीट शिकायचं मनात आहे. पाळकसाहेबांनी परदेशातल्या एका ख्रिस्ती विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स सुचवलाय, विशेष शिक्षण आणि दिव्यांगांचे हक्क, सगळं ख्रिस्ती दृष्टिकोनातून. एक वर्षाचा आहे, फी माझ्या सात पगारांएवढी. घरचे म्हणतात इथलं बी.एड. स्पेशल कर. कोणी असं काही शिकलंय का? ख्रिस्ती दृष्टीने शिकल्याने हातात वेगळं काय येतं?

आणि एक गोष्ट, जी कोणाला विचारायचा धीर होत नाही. मंडळीत त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून ‘वाचा फुटू दे’ अशी प्रार्थना करतात. त्याला स्पर्श सहन होत नाही. तो कान दाबून ओरडतो, आणि मग प्रार्थना आणखी मोठ्याने होते. त्याची आई मागच्या बाकावर खाली मान घालून बसलेली असते. माझी प्रार्थनेवर श्रद्धा आहे. पण हे बघवत नाही.

वाचनवेडी_डोंबिवली

चपलांचं वाचून थांबले. या धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

वाशीचे_सर

रूथताई, २८ वर्षं बौद्धिक दिव्यांग मुलांना शिकवलं, आता निवृत्त आहे. आधी पोटापाण्याचं बोलू.

आपल्याकडे विशेष शिक्षक म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. १९९२ चा कायदा आहे. मान्य अभ्यासक्रम पूर्ण केला की सीआरआर, म्हणजे केंद्रीय पुनर्वास नोंदवहीतला, नंबर मिळतो. नंबर नसताना हा व्यवसाय केला तर कलम १३ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. परदेशी ऑनलाइन प्रमाणपत्राने तो नंबर मिळत नाही. पाळकसाहेबांचा हेतू चांगलाच असणार, पण सात पगार घालवून उद्या शाळेच्या दारात उभी राहशील तेव्हा पहिल्याच मिनिटाला नंबर विचारतील.

बारावीवर दोन वर्षांचा डी.एड. स्पेशल, पदवीवर दोन वर्षांचा बी.एड. स्पेशल. कोणतं क्षेत्र ते आधी ठरवावं लागतं: बौद्धिक, श्रवण, दृष्टी वगैरे. श्रवणासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था. जुहूला एसएनडीटीचा विशेष शिक्षण विभाग. आणि खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं विभागीय केंद्र. कळव्याहून ठाणे, तिथून पनवेल लोकल, थेट खारघर. अभ्यासक्रमांची मान्यता ठरावीक मुदतीची असते, म्हणून यंदा कुठे काय चालू आहे ते परिषदेच्या संकेतस्थळावर पाहूनच पैसे भर.

त्याआधी रजा टाकून चार दिवस वाशीच्या महापालिकेच्या ईटीसी या दिव्यांगांच्या केंद्रात किंवा ठाण्यात जिद्द या विशेष शाळेत परवानगी काढून नुसती बसून ये. लाळ पुसायची, चड्डी बदलायची, एकच बटण चाळीस वेळा लावायला शिकवायचं. ते बघूनही शिकावंसं वाटलं तर अर्ज कर.

प्रार्थनेविषयी मी काय सांगणार, मी वारकरी घरातला. पण त्या मुलाला ‘नको’ म्हणायचं साधन द्या. बोलता येत नाही म्हणजे सांगण्यासारखं काही नाही असं नसतं. उघड्या पंजाचं चित्र, पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचं, प्लास्टिकमध्ये घालून त्याच्या खिशात. कार्ड पुढे केलं की समोरच्याने त्याच क्षणी थांबायचं, मग तो कितीही मोठा माणूस असो. पहिल्या दिवशी थांबला नाहीत तर कार्ड संपलं, तो पुन्हा ते वापरणार नाही.

घंटाळीकर

राग मानू नका, पण ‘ख्रिस्ती दृष्टीने विशेष शिक्षण’ म्हणजे काय ते कळलं नाही. हे शास्त्र आहे. उद्दिष्ट लिहा, छोटे टप्पे करा, नोंद ठेवा. वैयक्तिक शिक्षण आराखड्याला धर्म नसतो. आणि हतबल आईबापांपुढे धर्म घेऊन जाणं मला योग्य वाटत नाही, तो कोणताही असो.

खारघरची_आई

घंटाळीकर, मी ख्रिस्ती आहे आणि तुमच्या दुसऱ्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत आहे. माझी मुलगी चौदा वर्षांची, डाऊन सिंड्रोम. ती तीन महिन्यांची असताना एका प्रार्थनासभेत मला विचारलं गेलं, घरात कोणाचं पाप लपवलंय का. ओली बाळंतीण होते मी. टाके सुकले नव्हते.

पुढे कित्येक वर्षांनी मी स्वतः बायबलमधला योहान ९, म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय, शांतपणे वाचला. जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्य नेमकं तेच विचारतात: पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. म्हणजे मला जो प्रश्न विचारला गेला, त्याला दोन हजार वर्षांपूर्वीच ‘नाही’ असं उत्तर मिळालेलं होतं, आणि ते विचारणाऱ्यांच्याच पुस्तकात होतं. हे मला कोणी आधी शिकवलं असतं तर माझी तीन वर्षं वाचली असती. रूथ, ख्रिस्ती दृष्टीने शिकून काय मिळतं विचारतेस ना? हे मिळतं. मुलांना शिकवायला त्याची गरज नाही, सर म्हणतात तेच बरोबर. गरज आहे ती मंडळीला शिकवायला.

पाचूबंदर_ते_माजिवडा

थोडा इतिहास. मी वसईचा कॅथलिक, सध्या माजिवड्यात.

भारतातली अंधांची पहिली शाळा अ‍ॅनी शार्प या मिशनरी बाईंनी १८८७ मध्ये अमृतसरला काढली, पुढे ती डेहराडूनजवळ गेली. मुंबईत कर्णबधिरांच्या शिक्षणाची सुरुवात माझगावला बिशप ल्यो म्यूरँ यांच्या पुढाकाराने १८८० च्या दशकात झाली. दादरची अंध मुलींची शाळा १९०० सालची, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांची. त्या काळी सरकारच्या खिजगणतीतही ही मुलं नव्हती.

आणि आपल्या पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायचं म्हणून. ते जमलं नाही याचं कारण शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही: त्यांना ऐकू कमी यायचं. मग त्या चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकल्या आणि तिथेच संस्कृत शिकवू लागल्या. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अंध मुलींसाठी वेगळं सदन झालं, बायबलमधल्या आंधळ्या बार्तिमयाच्या नावाचं, आणि त्यांची मुलगी मनोरमा ब्रेल शिकून त्या मुलींना शिकवू लागली. एक कमी ऐकू येणारी मराठी बाई, आणि तिच्या छत्राखाली अंध मुली वाचायला शिकतात. रूथ, तुला ख्रिस्ती दृष्टी शोधायला परदेशात जायची काही गरज नाही, दौंडच्या गाडीत बस.

ऐरोलीचं_चाक

इतिहास खरा आहे, पण त्यावर फार खूश होऊ नका. मी व्हीलचेअर वापरतो, वय ३८, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, बाप्तिस्मा घेतलेला. शंभर वर्षं आम्ही मिशनच्या अहवालातले फोटो होतो. आमच्यासाठी पुष्कळ झालं, आम्हाला विचारून फारच थोडं.

आमच्या मंडळीला सात पायऱ्या आहेत. दर रविवारी चार जण मला खुर्चीसकट उचलतात. माणसं प्रेमळ आहेत, त्यांतल्या दोघांना पाठदुखी आहे, तरी येतात. पण उचलल्यावर माझे पाय लोंबकळतात, शर्ट वर जातो आणि बायका नजर दुसरीकडे वळवतात. रॅम्पसाठी मी चार वर्षं मागे लागलोय. उत्तर ठरलेलं: “आम्ही आहोत ना उचलायला.” मार्क २ मधल्या पक्षाघाती माणसाची गोष्ट सांगतात मला, चौघांनी त्याला कसं उचलून नेलं. अरे बाबांनो, पुढचं वाचा. दारातून जागा मिळेना तेव्हा त्यांनी छप्पर उघडलं. माणसाला परत नेलं नाही, इमारत फोडली. आणि घर मोडलं म्हणून येशू एका शब्दाने रागावलेला दिसत नाही.

रूथ, बार्तिमयाचं नाव वर निघालंच आहे. तो आंधळा आहे हे सगळ्या यरीहोला दिसत होतं. तरी येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं असं तुला वाटतं? धरून चालत नाही. तुझ्या वर्गातल्या मुलाला हे कोणी विचारलंय का? वाचा फुटावी ही इच्छा त्याची की तुमची? मला विचाराल तर मला चालायचं नाहीये. मला रॅम्प पाहिजे.

घंटाळीकर

ऐरोलीचं_चाक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वरची शंका जरा घाईने मांडली मी. ही दृष्टी असेल तर शिकण्यासारखी आहे.

मायलेकरं_घोडबंदर

विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. मुलाला ऑटिझम, बुद्ध्यांक उत्तम. घोडबंदर रोडच्या पट्ट्यातल्या एका मिशनरी शाळेत ज्युनिअर केजीसाठी गेलो. मुलाखतीत तो टेबलाखाली जाऊन बसला. मॅडम गोड बोलल्या, म्हणाल्या “अशा मुलांसाठी आमच्याकडे सोय नाही, तुमच्या मुलाच्याच भल्यासाठी सांगतेय.” त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर ‘बालकांना माझ्याकडे येऊ द्या’ लिहिलेलं होतं, मुलं मांडीवर घेतलेल्या येशूचं चित्र. मी हिंदू आहे, पण ते वाचून मला फार वाईट वाटलं. चिडून शिक्षणहक्क कायद्याचं नाव घेतलं तर म्हणाल्या तो आम्हाला लागू नाही.

वाशीचे_सर

दुर्दैवाने ते खरं आहे. २०१४ च्या प्रमाती निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना त्या कायद्यातून वगळलं. पण दिव्यांग हक्क कायदा वेगळा आहे, २०१६ चा, २०१७ च्या एप्रिलपासून लागू. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, यात एकवीस आहेत आणि ऑटिझम त्यांत आहे. कलम १६ अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळांविषयी बोलतं: भेदभाव न करता प्रवेश, गरजेप्रमाणे सोयी. शिवाय कलम ३१, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क. पुढच्या वेळी नकार तोंडी घेऊ नका. अर्ज द्या, पोच घ्या, नकार लेखी मागा. लेखी म्हटलं की अर्ध्या शाळा विचार बदलतात, स्वतः पाहिलंय.

सिस्टर_नाही_टीचर

मी एका कॉन्व्हेंट शाळेत प्राथमिकला शिकवते, म्हणून दुसरी बाजूही मांडते. वर्गात ५८ मुलं. त्यांत निदान झालेली दोन, न झालेली देव जाणे किती. विशेष शिक्षक एकही नाही. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी दर तासाला बाकाखाली शिरायची. मी तिला ओरडले, एकदा हाताला धरून बाहेर काढलं. नंतर कळलं की पंख्याच्या खरखरीचा तिला त्रास व्हायचा. पंखा दुरुस्त केला, १८० रुपये लागले, मुलगी बाकावर बसू लागली. त्या हात ओढण्याबद्दल मी तिच्या आईची माफी मागितली. अजून बोचतं.

सर, कलम १६ ची भाषा ‘सरकार प्रयत्न करील’ अशी आहे ना? मॅनेजमेंट त्यावरच बोट ठेवतं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरामागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवून दिलं. पण तो येणार कुठून? म्हणून रूथ, तू शीक ग बाई. आमच्यासारख्या शाळांना तुझ्यासारखी आतली माणसं हवीत. बाहेरचा माणूस कायदा दाखवतो तेव्हा मॅनेजमेंट वकील शोधतं. आतल्या माणसाने लूक १४ काढला की त्यांना गप्प बसावं लागतं: मेजवानीला मित्र आणि श्रीमंत शेजारी नको बोलावूस, गरीब, अपंग, लंगडे, आंधळे यांना बोलाव. कायदा आणि वचन दोन्ही येणारी माणसं आमच्याकडे फार थोडी.

बाबुराव_कोपरी

अवांतर: आपल्या पवित्र शास्त्रात आंधळा, पांगळा, मुका असे शब्द आहेत. शब्बाथशाळेत तेच वाचायचे की दिव्यांग म्हणायचं?

ऐरोलीचं_चाक

मला ‘दिव्यांग’ फारसा रुचत नाही, माझ्या अंगात दिव्य काही नाही. ‘अपंग’ चालतो. ‘मतिमंद’ मात्र कोणी तोंडातून काढू नये. वाचन आहे तसं करा, पण मुलांना सांगा की हे त्या काळातले शब्द आहेत. आणि उपदेशात ‘आपण सगळे आत्मिक आंधळे’ म्हणणं थांबवा. आमच्या मंडळीत एक दृष्टिहीन काका आहेत, पाठांतराने स्तोत्रं म्हणतात. त्या वाक्याला ते दर वेळी मान किंचित वळवतात.

बाबुराव_कोपरी

हा विचारच कधी केला नव्हता. माझ्या तोंडीही आहे ते वाक्य. काढून टाकतो.

मिनी_नेरूळ

रूथ, जाँ व्हानिए यांचं वाच. १९६४ मध्ये फ्रान्समध्ये त्यांनी लार्श सुरू केलं, बौद्धिक दिव्यांग आणि इतर माणसं एका घरात, सेवक आणि लाभार्थी असं न मानता. १९७० पासून बंगळुरूला आशा निकेतन आहे. माझ्यासाठी ख्रिस्ती दृष्टी म्हणजे ते एकत्र जेवणाचं टेबल.

खारघरची_आई

मिनी, घरांचं काम मोठं आहे, पण अर्धंच सांगू नकोस. व्हानिए २०१९ मध्ये गेले. २०२० मध्ये लार्शनेच करवलेल्या चौकशीत निघालं की आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी निदान सहा स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं. २०२३ च्या अहवालात आकडा पंचवीसवर गेला. त्या स्त्रिया दिव्यांग नव्हत्या, तरी मी आई म्हणून ते वाचलं तेव्हा दोन रात्री झोप नव्हती. संस्थेने स्वतः ते जगापुढे ठेवलं, हे मी मानते. पण माझी मुलगी चौदाची आहे, सगळ्यांना मिठी मारते, आणि चर्चमध्ये सगळे म्हणतात किती गोड. मी तिला आता शिकवतेय की मिठी कोणाला, हात कोणाला, आणि लांबून नमस्कार कोणाला. रूथ, जिथे शिकशील तिथे हेही शीक. संताच्या हातालाही ‘नको’ म्हणता यायला हवं. सरांनी सांगितलेलं ते कार्ड फक्त ऑटिझमसाठी नाही.

मिनी_नेरूळ

हे माहीत नव्हतं असं नाही, टाळलं मी. तुमचं बरोबर आहे ताई.

पाचूबंदर_ते_माजिवडा

याच ओघात एक चांगली बातमी. २०२४ मध्ये केरळात त्रिशूरला जोसेफ थेरमडोम या कर्णबधिर तरुणाला धर्मगुरूची दीक्षा मिळाली, खुणांच्या भाषेत मिस्सा अर्पण करणारा आपला माणूस. वेदीच्या या बाजूला आता ‘ते’ उभे आहेत, फक्त बाकावर नाहीत.

वाशीचे_सर

मूळ प्रश्नाकडे येऊ. रूथताई, गप्प का?

रूथ_कळवा

सर, गप्प नव्हते, धावपळीत होते. सगळ्यांचं सगळं वाचलंय, काही प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवले.

परदेशी कोर्स रद्द. खारघरला जाऊन चौकशी करून आले, जुहूलाही फोन केला. बौद्धिक दिव्यांग हे क्षेत्र घेऊन बी.एड. स्पेशलला अर्ज करतेय. रजा टाकून तीन दिवस एका विशेष शाळेत बसले. दुसऱ्या दिवशी एका मुलीला जेवण भरवताना तिने माझ्या ओढणीवर उलटी केली. शाळेतल्या मावशींनी काही न बोलता ओला फडका दिला आणि म्हणाल्या, घास लहान कर आणि गिळलंय का बघ, मगच पुढचा. मी घाई करत होते. तिसऱ्या दिवशी तिने पूर्ण वाटी खाल्ली.

आणि कार्ड. उघडा पंजा मी लाल स्केचपेनने काढला, आईने सेलोटेप लावली. आधी त्याच्या आईला विचारलं, चालेल का. ती म्हणाली, “मला इतक्या वर्षांत कोणी आधी विचारलं नव्हतं.” मग दोन रविवार फक्त चपलांच्या खेळात वापरलं: मी मुद्दाम चप्पल उलटी ठेवायची, त्याने कार्ड दाखवायचं, मी थांबायचं. पाळकसाहेबांनाही भेटले. योहान ९ घेऊनच गेले होते, पण वाचायची वेळच आली नाही. मी फक्त एवढं म्हटलं की तो ओरडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, बघू.

काल उपासनेनंतर नेहमीप्रमाणे वडीलधारी मंडळी त्याच्याभोवती जमली. एका काकांनी हात पुढे केला. त्याने खिशातून कार्ड काढून पाळकसाहेबांच्या हातात दिलं, काकांच्या नाही. पाळकसाहेबांनी ते पाहिलं आणि सगळ्यांना दोन पावलं मागे यायला सांगितलं. मग ते खाली, जमिनीवर बसले, त्याच्यापासून हातभर लांब, आणि डोळे मिटून मनातल्या मनात प्रार्थना केली. तो ओरडला नाही. थोड्या वेळाने त्याने कार्ड परत मागून घेतलं, खिशात ठेवलं आणि चपलांकडे गेला.

ऐरोलीचं_चाक

पाळकसाहेबांना आमच्याकडे एक रविवार पाठव. पायऱ्या दाखवायच्या आहेत.

सिस्टर_नाही_टीचर

रूथ, कार्डाचा फोटो टाकशील का? फक्त कार्डाचा. सोमवारी वर्गासाठी पाच करून घेते.

वाशीचे_सर

अर्ज भरताना आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव सारखं आहे ना ते तपास, तिथेच बरेच अर्ज अडकतात. आणि कार्डाच्या दोन जादा प्रती करून ठेव. धुण्यात जातात.